मायक्रोस्ट्रिपमधील इंडक्टर : एका रूढ आराखडापद्धतीचे परीक्षण

पदव्युत्तर वर्गांच्या प्रकल्पांत आणि लघुप्रबंधांत रेडिओ-कंप्रतेच्या लो-पास फिल्टरचा विषय वारंवार येतो. त्याची मांडणीही बहुधा ठरलेली असते. प्रथम बटरवर्थ किंवा चेबिशेव्ह कोष्टकातून गुणांक घ्यावयाचे, त्यांवरून इंडक्टर व धारित्र यांची मूल्ये काढावयाची, मग प्रत्येक इंडक्टरच्या जागी उच्च संरोधाची अरुंद पट्टी आणि प्रत्येक धारित्राच्या जागी अल्प संरोधाची रुंद पट्टी बसवावयाची, पट्ट्यांच्या लांब्या चार दशांश स्थळांपर्यंत लिहावयाच्या, आणि शेवटी संगणकाने काढलेला आलेख जोडून ‘अपेक्षित निष्पत्ती मिळाली’ असे वाक्य लिहावयाचे. या पद्धतीस पायरीदार संरोधाची पद्धत म्हणतात. ती चुकीची आहे असे प्रस्तुत लेखकाचे मत नाही. तथापि ती ज्या श्रद्धेने वापरली जाते त्या श्रद्धेस ती पात्र आहे काय, याची तपासणी व्हावयास हवी. विशेषतः ‘इंडक्टर’ म्हणून जी पट्टी आपण कोरतो ती कोठपर्यंत इंडक्टर असते, हा प्रश्न या प्रबंधांत क्वचितच विचारला जातो.

परिभाषेविषयी आरंभीच दोन शब्द. संरोध, धारित्र, कंप्रता हे शब्द आपल्या विज्ञानलेखनात रुळले आहेत व ते येथे वापरले आहेत. इंडक्टरसाठी ‘प्रवर्तक’ हा शब्द कोशात आहे. परंतु प्रयोगशाळेत तो कोणाच्या तोंडी नाही, आणि मराठीत प्रवर्तक म्हटले की एखाद्या संस्थेचा किंवा पंथाचा संस्थापकच डोळ्यांपुढे उभा राहतो. म्हणून वस्तूस इंडक्टर आणि तिच्या गुणास प्रवर्तकता असे म्हटले आहे.

मायक्रोस्ट्रिपची कल्पना ग्रीग आणि एंगेलमान यांनी १९५२ साली अमेरिकेतील रेडिओ अभियंत्यांच्या संस्थेच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध केली. वर एक पट्टी, मध्ये अवाहक थर, खाली तांब्याचा अखंड पत्रा, एवढीच ही रचना. १९६४ साली मथाई, यंग आणि जोन्स यांचा फिल्टरविषयक बृहद्ग्रंथ आला आणि पट्टीच्या तुकड्यांनी फिल्टर कसा साधावा याचे शास्त्र स्थिर झाले. भारतीय वाचकास अभिमान वाटावा असा ग्रंथ म्हणजे के. सी. गुप्ता, रमेश गर्ग आणि इंदर बहल यांचा मायक्रोस्ट्रिप व स्लॉटलाइन यांवरील १९७९ सालचा ग्रंथ. या विषयावर जगभर आधार म्हणून घेतल्या जाणाऱ्या पुस्तकांत त्याची गणना होते. आपल्या विद्यार्थ्यांच्या हाती मात्र मुख्यतः डेव्हिड पोझार यांचे पाठ्यपुस्तक असते आणि त्यातील एक सोडविलेले उदाहरण असंख्य प्रबंधांचे मूळपीठ झालेले आहे. त्याकडे पुढे वळू.

प्रथम कंप्रतेचा प्रश्न. कोणत्या कंप्रतेस छापील पट्टीचा इंडक्टर योग्य, हे ठरविण्यास परभणीकरांस दूर जावे लागत नाही. आकाशवाणीच्या परभणी केंद्राचे मध्यम लहरींवरील प्रक्षेपण १३०५ किलोहर्ट्झवर होत आले. तरंगलांबी सुमारे २३० मीटर. या कंप्रतेस ५० ओहमच्या मंडलात एकक गुणांकाचा इंडक्टर ६.१ मायक्रोहेन्रीचा येतो. नेहमीच्या १.६ मिलिमीटर जाडीच्या एफ.आर.४ बोर्डावर १०० ओहमची पट्टी घेतली तर तिची प्रवर्तकता दर मिलिमीटरला सुमारे ०.५८ नॅनोहेन्री असते. म्हणजे या एका इंडक्टरसाठी साडेदहा मीटर लांब पट्टी कोरावी लागेल! प्रक्षेपकाच्या खोलीत तांब्याच्या नळीची मोकळी वेटोळी का असतात याचे उत्तर या एका भागाकारात आहे.

दुसरे उदाहरण औंढा नागनाथचे. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत हा तालुका परभणी जिल्ह्यातच होता. लायगो-इंडिया या गुरुत्वतरंग-वेधशाळेस केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये अंतिम मंजुरी दिली, ती याच परिसरात. अमेरिकेतील प्रगत लायगो वेधशाळांत लेसरच्या प्रकाशावर सुमारे ९.१ व ४५.५ मेगाहर्ट्झचे अधिमिश्रण करतात. त्या कंप्रतांसाठी वरील हिशेबाने अनुक्रमे दीड मीटर व तीस सेंटिमीटर पट्टी लागते. दीड मीटरची पट्टी हा विनोद आहे. तीस सेंटिमीटरची नागमोडी करून एखाद्या बोर्डावर बसेल, परंतु पावणेदोनशे नॅनोहेन्रीचे तारेचे छोटे वेटोळे नखाएवढ्या जागेत मिळत असता तसे करण्यास कारण नाही. या परिसरातील दोन्ही परिचित रेडिओ-प्रश्न अशा रीतीने मायक्रोस्ट्रिपच्या राज्याबाहेरचे आहेत. हे सांगण्याचे कारण असे की ‘रेडिओ-कंप्रता’ हा शब्द प्रबंधाच्या शीर्षकात असला की मायक्रोस्ट्रिप आलीच, असा समज दृढ झालेला दिसतो.

मायक्रोस्ट्रिपचे खरे क्षेत्र काही शतक मेगाहर्ट्झपासून वर सुरू होते. आपल्या देशात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा अल्पशक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रात, किंवा पाथरी-मानवतकडील कापसाच्या रानात, जमिनीतील ओल मोजून ती रेडिओने कळविणारी लहान यंत्रे बसवावयाची झाली तर ती याच पट्ट्यात चालतील. अशा यंत्राच्या प्रक्षेपकापुढे हार्मोनिक अडविणारा लो-पास फिल्टर हवा. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत करता येईल, उपयोगी पडेल आणि खर्चिक होणार नाही, असा हा प्रश्न आहे. म्हणून पुढील परीक्षणासाठी तोच घेतो.

फिल्टर तिसऱ्या कोटीचा, बटरवर्थ जातीचा, सीमाकंप्रता १ गिगाहर्ट्झ, दोन्ही बाजूंस ५० ओहम. इंडक्टर–धारित्र–इंडक्टर अशी रचना. गुणांक १, २, १. त्यांवरून प्रत्येक इंडक्टर ७.९६ नॅनोहेन्री आणि मधले धारित्र ६.३७ पिकोफॅरड. बोर्डाचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक ४.४ धरला. उच्च संरोधासाठी १०० ओहम, अल्प संरोधासाठी २० ओहम. हॅमरस्टाड यांच्या सूत्रांनी पहिल्या पट्टीची रुंदी ०.७१ मिलिमीटर व दुसरीची ११.१ मिलिमीटर येते. १ गिगाहर्ट्झला त्यांतील तरंगलांब्या अनुक्रमे १७२ व १५५ मिलिमीटर. बटरवर्थच्या स्वभावानुसार ८६६ मेगाहर्ट्झलाच सुमारे दीड डेसिबेल हानी होते, तेव्हा प्रत्यक्ष यंत्रासाठी सीमा थोडी वर न्यावी लागेल. परंतु पद्धत तपासण्यास १ गिगाहर्ट्झ हा सोयीचा आकडा आहे.

आता इंडक्टरची लांबी. रूढ सूत्र असे : इंडक्टरचा संरोध भागिले पट्टीचा संरोध म्हणजे पट्टीचा विद्युत्-कोन. येथे ५० भागिले १०० म्हणजे ०.५ रेडियन, म्हणजे १३.७ मिलिमीटर. धारित्रासाठी असाच हिशेब केला की ०.८ रेडियन, म्हणजे १९.८ मिलिमीटर येतात. हे सरळ सूत्र कोन लहान असेल तरच खरे. काटेकोर विद्यार्थी म्हणतो की कोनाऐवजी त्याची ज्या घ्यावी. तसे केल्यास इंडक्टरचा कोन बरोबर ३० अंश व लांबी १४.३ मिलिमीटर, आणि धारित्राचा कोन ५३ अंश व लांबी २२.९ मिलिमीटर होते. प्रबंधपरीक्षकही बहुधा दुसऱ्या विद्यार्थ्यासच अधिक गुण देईल.

आणि येथेच या पद्धतीची गंमत आहे. दोन्ही फिल्टर त्यांच्या संपूर्ण पट्टी-साखळीसह मोजून पाहिले तर निकाल उलटा लागतो. (ही मोजणी पट्टीत हानी नाही आणि सांध्यांवरील क्षेत्रविकृती नाही असे मानून केलेली आहे.) सरळ सूत्राने केलेल्या फिल्टरची तीन-डेसिबेल सीमा १,०१८ मेगाहर्ट्झला येते; म्हणजे चूक दोन टक्क्यांहूनही कमी. ज्येच्या सूत्राने केलेल्याची सीमा सुमारे ९१३ मेगाहर्ट्झवर घसरते, म्हणजे जवळजवळ नऊ टक्के चूक! अधिक काटेकोर सूत्राने अधिक वाईट उत्तर का यावे?

याचे कारण पट्टी ही केवळ इंडक्टर नसते. १०० ओहमच्या ३० अंश लांब पट्टीस दोन्ही टोकांशी ०.४३ पिकोफॅरडची धारकता चिकटलेली असते. मधल्या धारित्राशी दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांची अशी मिळून ०.८५ पिकोफॅरड जमा होते. हव्या असलेल्या ६.३७ पिकोफॅरडच्या तुलनेत ती तेरा टक्के आहे. उलट दिशेने पाहू. २० ओहमच्या रुंद पट्टीस प्रवर्तकताही असते. ५३ अंशांच्या पट्टीत ती प्रत्येक बाजूस १० ओहम भरते, आणि आपल्या इंडक्टरकडून आपणांस एकंदर ५० ओहमच हवे होते. म्हणजे इंडक्टरचा पाचवा हिस्सा धारित्रानेच पुरविला. ज्येच्या सूत्राने मुख्य मूल्ये तंतोतंत साधली, पण या उपऱ्या मूल्यांची वजाबाकी केली नाही. म्हणून एकूण प्रवर्तकता व धारकता वाढल्या आणि सीमा खाली आली. सरळ सूत्राने पट्ट्या मुळातच थोड्या आखूड ठेवल्या, आणि ती आखूडता उपऱ्या मूल्यांशी योगायोगाने बरीच जुळली. दोन चुकांनी एकमेकींस सावरून धरले, इतकेच.

तर मग उपरी मूल्ये वजा करून दोन्ही समीकरणे एकत्र सोडवावीत, हा पुढचा स्वाभाविक उपाय. तेही करून पाहिले. इंडक्टरची लांबी ११.७ मिलिमीटर व धारित्राची १९.६ मिलिमीटर येते. आणि सीमा? १,०८५ मेगाहर्ट्झ. या वेळी चूक विरुद्ध बाजूस. बाहेरच्या दोन टोकांशी, म्हणजे फिल्टरच्या प्रवेशद्वाराशी व निर्गमद्वाराशी, जी धारकता उरते तिला बटरवर्थच्या मूळ आकृतीत जागाच नाही; ती कशातूनही वजा करता येत नाही आणि फिल्टरच्या गतीवर आपला परिणाम मात्र करीत राहते. १,०१८, ९१३ आणि १,०८५ हे तीन आकडे शेजारीशेजारी ठेवले की लांब्या चार दशांश स्थळांपर्यंत लिहिण्याचा अर्थ काय उरतो, हे वाचकांनीच ठरवावे. सूत्राने मिळणारी लांबी हा पहिला अंदाज होय. त्यानंतर साखळीतील प्रत्येक पट्टीचे दोन-गुणिले-दोन सारणीरूप लिहून, त्यांचा गुणाकार करून, लांबी पुढेमागे सरकवीत सीमा गाठावी लागते. हे काम आज साध्या संगणकावर काही ओळींत होते. ते न करता सूत्रावर विसंबणे यास आता सबब नाही.

पोझार यांच्या उदाहरणाकडे येऊ. त्यात सहाव्या कोटीचा बटरवर्थ फिल्टर, सीमा २.५ गिगाहर्ट्झ, उच्च संरोध १२० ओहम, अल्प संरोध २० ओहम असा आराखडा आहे. त्याच प्रकरणात पट्टीचा कोन ४५ अंशांपेक्षा कमी असावा अशी अट घातलेली आहे. आता सहाव्या कोटीच्या कोष्टकातील मधला गुणांक १.९३२ घेऊन हिशेब करा. मधल्या धारित्राचा कोन ४४.३ अंश, आणि मधल्या इंडक्टरचा ४६.१ अंश! म्हणजे ग्रंथकाराच्या स्वतःच्या उदाहरणात ग्रंथकाराची अट थोडी मोडली गेली आहे. यात ग्रंथकारास दोष देण्याचा हेतू नाही. उच्च कंप्रतांना हा फिल्टर मूळ आकृतीइतका अडवीत नाही आणि त्यास वर आणखी पारण-पट्टे असू शकतात, हे त्यांनी उदाहरणाच्या अखेरीस स्पष्ट केलेले आहे. दोष आहे तो ते शेवटचे वाक्य न वाचता कोष्टकच तेवढे उतरवून घेणाऱ्याचा. सीमेजवळ अट काठावर असेल तर सीमेच्या दुप्पट-तिप्पट कंप्रतेस ती पार बुडालेली असणार, हा साधा तर्क आहे. आणि फिल्टरचे खरे काम तर तेथेच असते.

आपल्या उदाहरणात ते ‘तेथे’ काय होते ते पाहणे उद्बोधक आहे. तिसऱ्या कोटीचा आदर्श बटरवर्थ फिल्टर २ गिगाहर्ट्झला १८ डेसिबेल आणि ३ गिगाहर्ट्झला २८.६ डेसिबेल अडवितो. सरळ सूत्राने केलेला आपला पट्टी-फिल्टर २ गिगाहर्ट्झला १२ डेसिबेल, अडीच गिगाहर्ट्झच्या सुमारास जास्तीत जास्त १३ डेसिबेल, आणि ३ गिगाहर्ट्झला अवघे ११ डेसिबेल अडवितो. १३ डेसिबेलच्या वर तो या भागात कधीच जात नाही. पुढे तर तो हळूहळू उघडू लागतो आणि ३.८ गिगाहर्ट्झच्या सुमारास पूर्ण मोकळा होतो. त्या कंप्रतेस रुंद पट्टी अर्ध्या तरंगलांबीच्या आसपास पोचलेली असते. तेव्हा ती धारित्र राहिलेलीच नसते, आणि बाजूच्या अरुंद पट्ट्याही पाव तरंगलांबी ओलांडून गेलेल्या असतात. दाराला कडी लावली, परंतु मागची भिंतच बांधली नाही, असा हा प्रकार.

शेतातील यंत्राच्या दृष्टीने याचा अर्थ असा. ८६६ मेगाहर्ट्झचा दुसरा हार्मोनिक १,७३२ मेगाहर्ट्झ. तेथे सुमारे १० डेसिबेल रोध. तिसरा २,५९८, तेथे सुमारे १३. चौथा ३,४६४, तेथे केवळ ५ डेसिबेल, जेथे आदर्श फिल्टरने ३२ डेसिबेल दिले असते. आणि ३,४६४ मेगाहर्ट्झ ही ओसाड जागा नाही. २०२२ सालच्या लिलावात भ्रमणध्वनीच्या पाचव्या पिढीसाठी दिलेल्या ३,३०० ते ३,६७० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ती मोडते. एका यंत्राची शक्ती अल्प असेल, चौथा हार्मोनिक स्वभावतः दुर्बळ असेल, हे मान्य; पण ज्या कामासाठी फिल्टर केला त्याच कामात तो नापास झाला, हे प्रबंधात लिहिले गेले पाहिजे.

ते लिहिले का जात नाही? एक कारण मोजमापाच्या साधनाचे आहे. अलीकडे स्वस्त दरात मिळणारे हातात मावणारे नेटवर्क-विश्लेषक अनेक ठिकाणी दिसतात. जिल्ह्याच्या ठिकाणी पूर्वी असे मोजमाप स्वप्नवत होते, म्हणून त्यांचे स्वागतच केले पाहिजे. परंतु त्यांच्यातील काही साधनांचा पल्ला दीड गिगाहर्ट्झपर्यंत, तर काहींचा तीन गिगाहर्ट्झपर्यंत असतो. ३.८ गिगाहर्ट्झला उघडणारे दार त्यांना दिसणारच नाही. आलेखाचा उजवा काठ फिल्टरने ठरविलेला नसून साधनाने ठरविलेला आहे, ही जाणीव निष्कर्ष लिहिताना असावी. सादृश्य-गणनेतही विद्यार्थी आलेख सीमेच्या दुपटीवर थांबवितात. तेथे तर साधनाची मर्यादाही नसते.

दुसरे कारण दोष भलत्यावर ढकलण्याच्या सवयीत आहे. सीमा चुकली की ‘एफ.आर.४ बोर्डाचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक निश्चित नसतो’ हे वाक्य येते. वाक्य खरे आहे, तो ४.२ पासून ४.७ पर्यंत कोठेही असू शकतो. परंतु इंडक्टरच्या बाबतीत ते जवळजवळ गैरलागू आहे. पट्टीची दर एकक लांबीची प्रवर्तकता म्हणजे तिचा संरोध भागिले तीतील तरंगवेग. डायइलेक्ट्रिक स्थिरांक वाढला की संरोध आणि वेग दोन्ही एकाच प्रमाणात घटतात आणि भागाकार होता तेवढाच राहतो. प्रवर्तकता चुंबकीय क्षेत्राची बाब आहे आणि काच-इपॉक्सीला चुंबकत्व नाही. बोर्ड बदलला तर धारित्र बदलेल, टोकांची उपरी धारकता बदलेल. इंडक्टरची मूळ प्रवर्तकता पट्टीची रुंदी आणि बोर्डाची जाडी यांवरच अवलंबून राहील. रुंदीची गोष्ट मात्र गंभीर आहे. फेरिक क्लोराइडमध्ये बोर्ड जरा अधिक वेळ राहिला आणि ०.७१ मिलिमीटरची पट्टी ०.६१ झाली, की संरोध १०० वरून सुमारे १०५ वर जातो व प्रवर्तकता तितकीच वाढते. १२० ओहमची पट्टी घेतली तर मूळ रुंदी ०.४१ मिलिमीटर, तेवढ्याच झिजेने संरोध सुमारे १३० होतो. संरोध जितका उच्च तितका इंडक्टर आखूड व शुद्ध, हे ग्रंथ सांगतात. तितकाच तो कोरण्यास नाजूक, हे घरगुती पद्धतीने बोर्ड कोरणाऱ्याने स्वतःच ध्यानात ठेवावे लागते. १४० ओहमसाठी पाव मिलिमीटरहूनही अरुंद पट्टी लागेल, आणि ती आपल्या प्रयोगशाळांत अखंड उतरेल याची शाश्वती नाही.

याच्याशी निगडित आणखी एक चूक तळाच्या पत्र्याविषयीची. काही पुस्तकांत सपाट पट्टीच्या प्रवर्तकतेचे सूत्र मोकळ्या अवकाशातील पट्टीसाठी दिलेले असते. आपल्या १३.७ मिलिमीटर पट्टीस ते लावले तर ११.३ नॅनोहेन्री येतात. परंतु खाली १.६ मिलिमीटरवर तांब्याचा पत्रा आहे. त्यात उलट दिशेचा प्रतिबिंबप्रवाह वाहतो आणि चुंबकीय क्षेत्राचा मोठा भाग रद्द करतो. त्यासाठीचा दुरुस्ती-गुणक येथे सुमारे ०.६९ आहे, तो लावला की ७.८ नॅनोहेन्री येतात, म्हणजे पट्टीच्या संरोधावरून काढलेल्या मूल्याच्या अगदी जवळ. दोन वेगळ्या वाटांनी एकाच गावी पोचावे तसा हा पडताळा आहे आणि तो प्रत्येकाने एकदा हाताने करून पाहावा. गुणक विसरला तर चूक चाळीस टक्क्यांहून अधिक.

हाच विचार नागमोडी आणि सर्पिल इंडक्टरांस लागू होतो. जागा वाचविण्यासाठी पट्टी नागमोडी केली की शेजारच्या भुजांतील प्रवाह परस्परविरुद्ध असतात आणि प्रवर्तकता कमी होते. एकूण लांबीला दर मिलिमीटरच्या मूल्याने गुणणे तेथे चालत नाही. सर्पिलात शेजारचे प्रवाह एकाच दिशेचे असल्याने ती वाढते. त्यासाठी मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली दिलेली सोपी सूत्रे प्रसिद्ध आहेत. परंतु त्यांचा जन्म सिलिकॉनवरील सूक्ष्म मंडलांसाठी झाला, आणि आपल्या बोर्डावर तळाचा पत्रा सर्पिलाच्या व्यासाच्या मानाने किती जवळ आहे हे न पाहता ती उचलणे धोक्याचे. तळाच्या पत्र्यात खाचा पाडून प्रवर्तकता वाढविण्याची एक युक्ती आन् आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली मांडली व ती फार लोकप्रिय झाली. आलेख सुरेख येतो यात शंका नाही. पण असा बोर्ड धातूच्या पेटीत तळ टेकवून बसविता येत नाही, आणि शेतात उन्हापावसात राहणाऱ्या यंत्रास पेटी तर हवीच.

फिल्टरची आणखी कडक कसोटी हवी असेल तर ती नारायणगावजवळील खोडद येथे आहे. तेथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीच्या, म्हणजे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस थाळ्यांच्या, सुधारित पट्ट्यांपैकी एक ५५० ते ८५० मेगाहर्ट्झचा आहे, आणि त्याच्या माथ्यावर लगेच ९०० मेगाहर्ट्झच्या आसपास भ्रमणध्वनीचा गोंगाट सुरू होतो. ८५० पर्यंत मोकळे सोडून ९३५ ला अडवा असे म्हटले तर तिसऱ्या कोटीचा आदर्श बटरवर्थसुद्धा तेथे साडेचार डेसिबेलही देऊ शकत नाही. पायरीदार पद्धतीने अशा ठिकाणी कोटी वाढवीत नेणे म्हणजे अधिक पट्ट्या, अधिक उपरी मूल्ये आणि अधिक हानी. तीव्र उताराच्या फिल्टरसाठी ही पद्धत नाहीच. तिचे स्थान हार्मोनिक अडविण्यासारख्या सैल कामांत आहे. आणि त्या सैल कामातही, वर पाहिल्याप्रमाणे, ती सावधपणे वापरावी लागते.

आपल्या शेत-यंत्राच्या फिल्टरसाठी काय करावे, हा प्रश्न उरतो. पहिला उपाय म्हणजे धारित्राच्या रुंद पट्टीऐवजी बाजूस काढलेल्या, टोक मोकळे असलेल्या पट्ट्या वापरणे. मोकळ्या टोकाची पट्टी जेथे पाव तरंगलांबीची होते तेथे ती फिल्टरमध्ये पूर्ण रोधाचा बिंदू निर्माण करते, आणि तो बिंदू आपण हव्या त्या हार्मोनिकवर ठेवू शकतो. दुसरा, याहून साधा उपाय म्हणजे आहे त्या फिल्टरच्या निर्गमद्वाराशी चौथ्या हार्मोनिकसाठी एकच अशी पट्टी जोडणे. ५० ओहमची पट्टी घेतल्यास ३,४६४ मेगाहर्ट्झसाठी तिची लांबी सुमारे १२ मिलिमीटर येते, आणि मोकळ्या टोकावर क्षेत्र थोडे बाहेर पसरत असल्याने प्रत्यक्षात ती त्याहून किंचित आखूड कोरावी लागते. पाऊण इंचही जागा न घेता हा दोष असा दूर होतो. मात्र ८६६ मेगाहर्ट्झला ही पट्टी सुमारे १.५ पिकोफॅरडच्या धारित्रासारखी वागते, आणि हे धारित्र नेमके त्या बाहेरच्या टोकाशी बसते जेथे १०० ओहमच्या पट्टीची उपरी धारकता आधीच बसलेली आहे. ते हिशेबात घेऊन दोन्ही इंडक्टर आणि मधली पट्टी पुन्हा मोजावी लागतात, आणि फिल्टर आता दोन्ही बाजूंनी सारखा राहत नाही.